साडेतीनशे किलोचे धूड वळते कसे?

गेल्या राष्ट्रीय विज्ञान दिनी मी एका विद्यार्थ्याला चुकीचे उत्तर दिले. ते दुरुस्त करण्यासाठी हा लेख.

लखनौच्या आलमबाग भागात मी राहतो. तिथल्या कानपूर रोडचे दृश्य रोजचेच आहे. वर मेट्रोचा उन्नत मार्ग, खाली बसस्थानकाकडे वळणाऱ्या बसगाड्या, ई-रिक्षा, विक्रम टेम्पो आणि या सगळ्यांच्या फटींतून निसटणाऱ्या शंभर घनसेंटिमीटरच्या मोटरसायकली. एका सकाळी या गर्दीत एक अवाढव्य पर्यटन-मोटरसायकल अवतरली. सहा सिलिंडर, पुढे छातीएवढी काच, मागे तीन पेट्या. रस्ता अडणार असेच सर्वांना वाटले. पण चौक मोकळा होताच ती एका बाजूला कलली, वळली आणि विमानतळाच्या दिशेने दिसेनाशी झाली. दोन दिवसांनी एका शाळेत व्याख्यानाला गेलो असता नववीतल्या एका मुलाने विचारले, “सर, एवढी जड गाडी ई-रिक्षापेक्षा चपळ कशी?” त्याने तीच गाडी पाहिली होती. मी तत्परतेने सांगितले, “चाके जायरोस्कोपसारखी फिरतात, त्यामुळे.” टाळ्या पडल्या. घरी येऊन कागद-पेन्सिल घेतल्यावर लक्षात आले की हे उत्तर फार तर एक टक्का बरोबर आहे.

आधी वेगाचा प्रश्न मिटवू, कारण तो सोपा आहे. होंडा गोल्डविंगसारख्या यंत्राचे वजन साडेतीनशे किलोंहून अधिक, इंजिन 1833 घनसेंटिमीटरचे आणि शक्ती सुमारे 125 अश्वशक्ती. स्वार धरून हिशेब केला तर दर किलोमागे सुमारे 200 वॅट पडतात. आपल्या रोजच्या शंभर सीसीच्या गाडीला जेमतेम 8 अश्वशक्ती असते. तिथे स्वारासह किलोमागे 30 वॅटच्या आसपास, आणि लहान मोटारीत 50च्या आसपास. म्हणजे हे धूड आपल्या छोट्या गाडीच्या सहापट ‘हलके’ आहे. वजन आपण काट्यावर मोजतो. रस्त्यावर ते शक्तीच्या तुलनेत मोजावे लागते.

वळण्याचा प्रश्न मात्र दीडशे वर्षे जुना आहे आणि मोठ्या मोठ्यांना त्याने चकवले आहे.

1869 साली ग्लासगोचे अभियंते विल्यम रँकिन यांनी ‘द एंजिनियर’ या नियतकालिकात त्या काळच्या सायकलींच्या गतिशास्त्रावर लेख लिहिले. वाफेच्या इंजिनाच्या सिद्धांतासाठी आपण त्यांना ओळखतो. त्यांच्या ध्यानात एक विलक्षण गोष्ट आली होती. दुचाकी वळण्यासाठी आधी कलावी लागते, आणि ती कलवण्यासाठी चाक क्षणभर विरुद्ध बाजूला वळवावे लागते. उजवीकडे जायचे असेल तर पुढचे चाक प्रथम किंचित डावीकडे न्यायचे. टेकण्याचे बिंदू गुरुत्वमध्याखालून डावीकडे सरकतात, गाडी उजवीकडे कलते, आणि मग चाक आपसूक उजवीकडे वळून तो कल सावरते. विमानाआधी सायकली बनवणाऱ्या राइट बंधूंपैकी विल्बर यांनी पुढे अनेक सायकलस्वारांना विचारून पाहिले. आपण नेमके काय करतो हे त्यांच्यापैकी कोणालाही पहिल्या विचारण्यात बरोबर सांगता आले नाही. हात रोज जे करतात ते डोक्याला ठाऊक नव्हते.

याला आज ‘काउंटरस्टिअरिंग’ म्हणतात. आपण त्याला उलट वळवणी म्हणू.

कललेल्या गाडीचा समतोल पाहिला की वजनाचे रहस्य उलगडते. गुरुत्वाकर्षण तिला आत पाडू पाहते आणि वळणाचे केंद्रोत्सारी बल बाहेर. दोन्ही वस्तुमानाच्या प्रमाणात वाढतात, त्यामुळे वस्तुमान समीकरणातून सरळ बाद होते. उरतात फक्त वेग आणि वळणाची त्रिज्या. ताशी 60 किलोमीटर वेगाने 50 मीटर त्रिज्येच्या वळणावर कल सुमारे 30 अंशांचा हवा, मग ती शंभर किलोची स्कूटर असो की चारशे किलोची पर्यटन-गाडी. टायरची पकडही भारासोबत जवळजवळ त्याच प्रमाणात वाढते. तीन चाकांच्या विक्रमला ही सोय नाही. तो कलू शकत नाही, म्हणून वळणावर त्याला वेग सोडावाच लागतो, नाहीतर बाहेर कलंडण्याची भीती. मुलाच्या प्रश्नाचे पहिले खरे उत्तर हे होते.

मग जायरोस्कोप आला कुठून? 1899 मध्ये केंब्रिजचे फ्रान्सिस व्हिपल आणि फ्रान्समधले एमान्युएल कारव्हालो यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, सायकलची गतिसमीकरणे मांडली. विशिष्ट वेगपट्ट्यात स्वाराविनाही सायकल स्वतःला सावरते, हे त्यातून निघाले. पुढे फेलिक्स क्लाइन आणि आर्नोल्ड सोमरफेल्ड यांच्या भोवऱ्यावरील महाग्रंथाच्या 1910 सालच्या शेवटच्या खंडात सायकलीवरचा भाग आला. तो फ्रित्स नोएथर यांच्या मदतीने सिद्ध झाला होता. (एमी नोएथर यांचे हे धाकटे बंधू. जर्मनी सोडून ते सोव्हिएत संघात गेले आणि 1941 मध्ये तिथेच त्यांना देहान्त शासन झाले.) चाकाचा घूर्णी परिणाम लहान असला तरी स्वयंस्थैर्याला अत्यावश्यक आहे, असे त्या ग्रंथाने ठरवले. ग्रंथ भोवऱ्यावरचा आणि नावे इतकी मोठी. पुढच्या पाठ्यपुस्तकांनी ‘लहान’ हा शब्द गाळला आणि ‘अत्यावश्यक’ तेवढा ठेवला. माझ्या टाळ्यांचे मूळ तिथे आहे.

1970 साली डेव्हिड जोन्स या रसायनशास्त्रज्ञाने ‘न चालवता येणारी सायकल’ बनवण्याचा चंग बांधला. पुढच्या चाकाशेजारी जमिनीला न टेकणारे दुसरे चाक बसवून त्याने ते उलट फिरवले. दोघांचे कोनीय संवेग एकमेकांना खोडून काढतील, मग सायकल पडलीच पाहिजे. ती पडली नाही. तो आरामात तिच्यावरून हिंडला. चिमटा उलटा बसवल्यावर तर ती जास्तच स्थिर झाली. खोडी काढता आली ती फक्त चाक खूप पुढे नेल्यावर. यावरून त्याने दाखवले की हँडलच्या दांड्याची रेषा जमिनीला जिथे मिळते, त्याच्या किती मागे चाक टेकते, हे अंतर फार महत्त्वाचे आहे. त्याला ‘ट्रेल’ म्हणतात. 2011 मध्ये डेल्फ्ट आणि कॉर्नेल इथल्या संशोधकांनी ‘सायन्स’मध्ये याच्याही पुढे मजल मारली. घूर्णी परिणाम खोडून काढलेली आणि ट्रेल किंचित उलट ठेवलेली दुचाकी त्यांनी ढकलून दिली, आणि ती स्वतःला सावरत पुढे गेली. कारण पुढच्या भागाचे वस्तुमान त्यांनी विचारपूर्वक वाटले होते. स्थैर्याचे एकच कारण नसते, हे त्या प्रयोगाने कायमचे सांगून टाकले.

माझी आकडेमोड साधीच होती. ताशी 60 किलोमीटरला स्वारासह साडेचारशे किलोची गाडी घ्या, दोन चाकांमधले अंतर 1.7 मीटर. हँडल एका दशांश सेकंदात एक अंश वळवले, तर चाकाचा घूर्णी परिणाम गाडी कलवायला सहाएक न्यूटन-मीटरचे आघूर्ण देतो. टेकण्याचे बिंदू बाजूला सरकल्यामुळे मिळणारे आघूर्ण सातशेच्या घरात जाते. जायरोस्कोपचा वाटा एक टक्का.

आणि इथे वजनाचा खरा अर्थ लागतो. सायकलीवर स्वार यंत्राच्या पाचपट जड असतो, म्हणून अंग झुकवून काही साधते. पर्यटन-गाडीवर तो यंत्राच्या पाचव्या हिश्शाएवढा. त्याने अंग कितीही झुकवले तरी धूड फारसे दखल घेत नाही. हँडलचा हलकासा उलटा दाब मात्र ते ताबडतोब मानते. गोल्डविंग 1974 मध्ये कोलोनच्या प्रदर्शनात प्रथम आली, तेव्हाच तिच्या रचनाकारांनी वस्तुमान कुठे ठेवायचे याचा विचार केला होता. चारही सिलिंडर आडवे निजवलेले, इंधनाची टाकी आसनाखाली, आणि जनित्र इंजिनाच्या दांड्याच्या उलट फिरणारे, म्हणजे थ्रॉटल पिळल्यावर गाडीला बाजूचा हिसका बसू नये. वस्तुमान खाली आणि मध्याजवळ गोळा झाले की गाडी एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर चटकन जाते. पण वेग शून्य झाला की हे सगळे संपते. 1988 च्या सहा सिलिंडरांच्या आवृत्तीला मागे जाण्यासाठी विद्युत मोटर द्यावी लागली.

आलमबागेला या इतिहासात आणखी एक जागा आहे, आणि ती मोटरसायकलीची नाही. माझ्या घरापासून जवळच मानकनगर आहे. 1952 मध्ये लखनौत रेल्वेचे चाचणी व संशोधन केंद्र उभे राहिले, 1957 मध्ये ते मध्यवर्ती मानक कार्यालयाशी एकत्र होऊन ‘आरडीएसओ’ झाले. साठच्या दशकात तिथल्या अभियंत्यांपुढे प्रश्न होता तो प्रवासी गाड्यांचा वेग ताशी 96 वरून 120 किलोमीटरवर नेण्याचा. अडचण निव्वळ शक्तीची नव्हती. रेल्वेची चाके किंचित शंकूच्या आकाराची असतात, त्यामुळे चाकांची जोडी रुळांवर नागमोडी डोलत जाते. कमी वेगात हे डोलणे विरते. एका मर्यादेपलीकडे ते स्वतःच वाढू लागते आणि डबा रुळांवर आपटतो. चाक आणि रूळ यांच्या स्पर्शाच्या जागी होणारी सूक्ष्म सरक याच्या मुळाशी असते. 1 मार्च 1969 रोजी हावडा आणि नवी दिल्लीदरम्यान पहिली राजधानी 120 च्या वेगाने धावली, त्यामागे ही चाचण्यांची वर्षे होती.

बरोबर दोन वर्षांनी, 1971 मध्ये, इंग्लंडमधल्या लीड्सच्या रॉबिन शार्प यांनी मोटरसायकलीच्या समीकरणांत टायरची अशीच बाजूची सरक घातली. लगेच तीन स्वभाव वेगळे दिसले. एक संथपणे आडवे होण्याचा. दुसरा संपूर्ण गाडी सेकंदाला दोन-चार वेळा सापासारखी डोलण्याचा. तिसरा फक्त हँडल फडफडण्याचा. सरक गाळली की हा तिसरा समीकरणांतून नाहीसा होतो. दुसरा पर्यटन-गाडीचा खरा शत्रू. मागच्या पेट्यांत सामान जितके उंच आणि जितके मागे, तितके महामार्गाच्या वेगाला ते डोलणे विरायला वेळ लागतो. लडाखला निघालेल्या मित्रांनी जड सामान खाली आणि पुढे बांधावे, ते याचसाठी.

कानपूर रोडनेच आणखी पुढे सरोजिनीनगरला स्कूटर्स इंडियाचा कारखाना होता. 1972 मध्ये सरकारने मिलानच्या इनोचेंती कंपनीची लँब्रेटाची यंत्रसामग्री विकत घेऊन इथे आणली. ‘विजय सुपर’ आणि ‘विक्रम’ इथलेच. कारखाना बंद करण्याला 2021 मध्ये मंजुरी मिळाली. त्या लँब्रेटाच्या एका 125 सीसीच्या विक्रमी आवृत्तीने 1951 मध्ये जर्मनीच्या महामार्गावर ताशी 200 किलोमीटर ओलांडले होते. चपळाई आणि वेग काट्यावरच्या वजनाचे ऐकत नाहीत, याचा पुरावा या रस्त्यावरच होता. मीच तो पाहिला नव्हता.

आता ज्या कारणासाठी हे सारे महत्त्वाचे वाटते ते. अमेरिकेत हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या सुमारे 900 मोटरसायकल-अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. त्यांचा अहवाल 1981 मध्ये आला. संकटात सापडलेले बहुतेक स्वार मागचा ब्रेक गच्च दाबून चाक घसरवत होते, पुढचा पुरेसा वापरत नव्हते, आणि उलट वळवणीने अडथळा चुकवण्याची क्षमता त्यांच्यात जवळपास नव्हतीच. आपल्याकडे 2022 मध्ये रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली, त्यांत 44 टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची. वाहन परवान्यासाठी आपण सारे आठचा आकडा काढून आलो. तो काढताना वेग चालण्याएवढा असतो, उलट हालचाल इतकी अल्प की जाणवतही नाही. हँडल वळवू तिकडे गाडी जाते, हाच धडा हाताला मिळतो. ताशी 60 ला समोर अचानक ट्रक आल्यावर घाबरलेला हात तोच धडा गिरवतो. ट्रक उजवीकडे असला की तो हँडल डावीकडे ओढतो, आणि गाडी ट्रकच्याच बाजूला कलते. मी स्वतः चेतकवर शिकलो, तेव्हा मला हे कोणी सांगितले नव्हते. पदार्थविज्ञानात पीएच.डी. झाल्यावरही ते माझ्या हातांना ठाऊक होते, मला नव्हते.

मार्चमध्ये परीक्षा संपल्यावर मी पुन्हा त्या शाळेत गेलो आणि माझे उत्तर चुकले होते हे वर्गात सांगितले. या वेळी टाळ्या नव्हत्या, प्रश्न मात्र बरेच होते. मग आम्ही मैदानावर एक सायकल घेतली. डोक्यावर हेल्मेट, बऱ्यापैकी वेग, हँडलवर मुठी न वळता फक्त तळवे. उजवा तळवा हळूच पुढे दाबायचा, म्हणजे हँडल डावीकडे ढकलायचे, इतकीच सूचना. प्रश्न विचारणारा मुलगा पहिला गेला. सायकल उजवीकडे वळली. त्याने थांबून हँडलकडे पाहिले, डावा तळवा दाबून पुन्हा एक फेरी मारली आणि म्हणाला, “सर, आता मोठ्या भावाला दाखवतो. त्याने नुकतीच बाइक घेतली आहे.”