स्कूबी-डू : कोणतं दार उघडणार हे आपल्याला आधीच कसं कळायचं? एका कार्टूनमागचं तंत्रज्ञान

एक गोष्ट आठवते का बघा. शॅगी आणि स्कूबी भीतीने लटपटत एका पडक्या वाड्याच्या लायब्ररीत शिरतात. भिंतभर पुस्तकं. सगळी गडद, जुनाट, सावलीत बुडालेली. पण त्यातलं एकच पुस्तक जरा फिकट आणि सपाट रंगाचं दिसतं. आणि टीव्हीसमोर बसलेल्या आपल्याला लगेच कळायचं, की शॅगी आता नेमका याच पुस्तकाला टेकणार आणि मागची भिंत गर्रकन फिरणार!

रहस्यमालिकेत रहस्य असं आधीच कसं फुटायचं? चित्रकार निष्काळजी होते का? अजिबात नाही. याचं उत्तर त्या काळात कार्टून बनवायच्या पद्धतीत आहे. ही पद्धत नीट समजून घेतली, की स्कूबी-डू असं का दिसतं, त्यात तेच ते कॉरिडॉर का येतात, पात्रं सतत बोलतच का असतात, हे सगळं उलगडत जातं.

आधी थोडी ओळख

‘स्कूबी-डू, व्हेअर आर यू!’ ही मूळ मालिका अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर १३ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली. फ्रेड, डॅफ्नी, व्हेल्मा आणि शॅगी हे चार तरुण मित्र, सोबत स्कूबी नावाचा ग्रेट डेन जातीचा भित्रा कुत्रा, आणि फिरायला ‘मिस्टरी मशीन’ ही रंगीत व्हॅन. कुठेतरी भुताचा बोभाटा झालेला असतो. ही मंडळी तिथे पोहोचतात, धूम पळापळ होते, सापळा लावला जातो, भूत पकडलं जातं आणि मुखवटा ओढला की आत गावातलाच कोणीतरी लबाड माणूस निघतो. पहिल्या सीझनमध्ये १७ भाग झाले, १९७० च्या दुसऱ्या सीझनमध्ये ८. एकूण फक्त २५! एवढ्याशा भांडवलावर पुढे पन्नासहून जास्त वर्षं नवनवीन मालिका आणि सिनेमे निघत राहिले.

मालिका लिहिली ज्यो रुबी आणि केन स्पिअर्स यांनी, पात्रांची चित्रं ठरवली इवाओ ताकामोतो यांनी आणि बनवली हॅना-बार्बेरा स्टुडिओने. ताकामोतोंचा किस्सा मजेशीर आहे. स्टुडिओत ग्रेट डेन कुत्रे पाळणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी उत्तम ग्रेट डेन कसा असतो ते समजावून सांगितलं : पाठ सरळ, पाय सरळ, हनुवटी घट्ट. ताकामोतोंनी सगळं ऐकून घेतलं आणि बरोबर उलटं काढलं. उतरती पाठ, फेंगडे पाय, लोंबती हनुवटी. झाला स्कूबी तयार.

कल्पना आली कुठून?

१९६०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत शनिवारी सकाळी लागणाऱ्या कार्टूनमधल्या मारामारीवर पालकांच्या संघटना भयंकर चिडल्या होत्या. सुपरहिरोंच्या मालिका बाजूला सारून काहीतरी बिनहिंसेचं हवं होतं. सीबीएसचे अधिकारी फ्रेड सिल्व्हरमन यांना संगीत आणि रहस्य यांची जोड हवी होती, कारण १९६८ मध्ये आलेला ‘आर्ची शो’ गाण्यांमुळे जोरात चालला होता. म्हणून पहिल्या आराखड्यात ही पोरं चक्क एका बँडमध्ये वाजवत होती! वाहिनीच्या वरिष्ठांना मात्र ती सुरुवातीची चित्रं लहान मुलांसाठी फारच भीतिदायक वाटली. मग बँड गेला, विनोद वाढला आणि कोपऱ्यात असलेला कुत्रा मुख्य पात्र झाला. स्कूबीचं नाव सिल्व्हरमन यांना फ्रँक सिनात्राच्या एका गाण्याच्या शेवटच्या गुणगुणण्यावरून सुचलं. आणि फ्रेडचं नाव? ते सिल्व्हरमन साहेबांचं स्वतःचंच!

एका सेकंदाला २४ चित्रं : हिशोब करून बघू

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. फिल्म एका सेकंदाला २४ फ्रेम या वेगाने चालते. जाहिराती वगळून एक भाग साधारण २२ मिनिटांचा धरू. म्हणजे २२ × ६० × २४ = ३१,६८० फ्रेम. प्रत्येक चित्र दोन फ्रेम दाखवलं तरी १५,८४० चित्रं लागणार. तीही हाताने काढलेली, हाताने रंगवलेली, आणि एकाच भागासाठी!

विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या जोडीला हे गणित चांगलं ठाऊक होतं. एमजीएम स्टुडिओत असताना याच दोघांनी ‘टॉम अँड जेरी’ बनवलं होतं. १९४० ते १९५८ या काळात त्यांचे ११४ लघुपट आले, प्रत्येक साधारण सात मिनिटांचा. म्हणजे वर्षाला सरासरी सहा. पैसा आणि वेळ दोन्ही हाताशी, म्हणून टॉमची मिशीसुद्धा वेगळी थरथरायची.

१९५७ मध्ये एमजीएमने कार्टून विभाग बंद केला आणि दोघांनी टीव्हीसाठी स्वतःचा स्टुडिओ काढला. टीव्हीचा हिशोबच वेगळा. स्कूबी-डूच्या पहिल्या सीझनचे १७ भाग म्हणजे सुमारे ३७४ मिनिटं. ही लांबी टॉम अँड जेरीच्या ५३ लघुपटांएवढी होते, आणि ती एका हंगामात द्यायची! शिवाय त्याच दिवशी, त्याच वाहिनीवर या स्टुडिओच्या आणखी दोन नव्या मालिका सुरू होत होत्या. टॉम अँड जेरीच्या पद्धतीने हे होणं शक्यच नव्हतं.

लिमिटेड अ‍ॅनिमेशन म्हणजे काय?

यावर उपाय म्हणजे ‘लिमिटेड अ‍ॅनिमेशन’. साध्या भाषेत सांगायचं तर जे हलायलाच हवं तेवढंच हलवायचं, बाकी सगळं स्थिर ठेवायचं.

फ्रेड उभा राहून सापळ्याची योजना सांगतोय असं समजा. त्याचं शरीर एका पारदर्शक प्लॅस्टिक शीटवर एकदाच काढलेलं असतं. या शीटला ‘सेल’ म्हणतात. त्यावर दुसरं सेल, ज्यात फक्त तोंड. तोंडाचे मोजके आकार तयार ठेवलेले असतात : मिटलेलं, थोडं उघडं, गोल, रुंद. संवाद आधी रेकॉर्ड केलेला असतो. तो ऐकून कोणत्या फ्रेमला कोणतं तोंड लावायचं याचा तक्ता बनवतात, आणि कॅमेऱ्याखाली तेवढंच सेल बदलत जातात. दहा सेकंदांच्या भाषणाला नवीन चित्रं अगदी थोडी. ही मंडळी सारखी चर्चा का करत बसतात ते आता लक्षात आलं असेल. बोलणं स्वस्त पडतं, धावणं महाग.

मग पळापळ कशी परवडायची? तिथे ‘लूप’ कामाला येतो. समजा पळण्याची एक फेरी आठ चित्रांत काढली. प्रत्येक चित्र दोन फ्रेम दाखवलं तर १६ फ्रेम, म्हणजे पाऊण सेकंदापेक्षा कमी. तीच आठ चित्रं पुन्हा पुन्हा लावायची आणि मागचं लांबलचक बॅकग्राउंड सरकवत राहायचं. बॅकग्राउंडची दोन टोकं एकमेकांशी जुळतील अशी काढलेली असली, की एकच कॉरिडॉर कितीही वेळ पुरतो. तोच दिवा, तीच खिडकी, पुन्हा तोच दिवा! दुसऱ्या सीझनमध्ये अशा पाठलागांवर गाणी टाकली गेली. मला विचाराल तर हा सगळ्यात हुशार डाव. गाण्याच्या ठेक्यावर तीच पळापळ पुन्हा दिसली तरी कोणाला खटकत नाही.

गळ्यातले पट्टेही असेच कामाचे. याच स्टुडिओच्या ‘योगी बेअर’ला कॉलर आणि टाय असतो. कारण डोकं एका सेलवर आणि धड दुसऱ्यावर ठेवलं, की मधला सांधा कॉलरखाली झाकला जातो.

मग ते पुस्तक फिकट का?

बॅकग्राउंड आणि सेल या दोन पूर्णपणे वेगळ्या वस्तू होत्या. बॅकग्राउंड कागदावर किंवा बोर्डवर ब्रशने रंगवलं जायचं. त्यात छटा, सावल्या, भिंतीवरची ओल, सगळं काही. वेळ लागला तरी चालायचं, कारण एक चित्र कितीतरी शॉटना पुरायचं. सेलवर मात्र बाह्यरेषा आणि मागच्या बाजूने भरलेला एकसारखा सपाट रंग. शेकडो सेलवर तीच सावली हुबेहूब रंगवत कोण बसणार?

आता जे पुस्तक हलणार आहे, जे दार उघडणार आहे, ते बॅकग्राउंडमध्ये रंगवून चालत नाही. ते सेलवरच काढावं लागतं. म्हणून ते सपाट दिसतं, त्याला काळी बाह्यरेषा असते आणि रंगही थोडा वेगळा वाटतो. त्यात सेल शंभर टक्के पारदर्शक नसतं. एकावर एक तीन-चार ठेवली की खालच्या थरांचे रंग किंचित मंद होतात. रंगवणारे त्यासाठी थरानुसार वेगळी छटा वापरायचे, तरी फरक थोडाफार उरायचाच. लहानपणी आपण जो ‘क्लू’ पकडायचो तो लेखकाने पेरलेलाच नव्हता!

आवाजांची बाजू

स्कूबीचा आवाज होता डॉन मेसिक यांचा. शब्दांच्या सुरुवातीला ‘र’ लावून बोलायची लकब त्यांनी आधी ‘द जेटसन्स’मधल्या अ‍ॅस्ट्रो कुत्र्यासाठीही वापरली होती. शॅगीचा आवाज रेडिओवरचे प्रसिद्ध निवेदक केसी केसम यांचा. केसम स्वतः मांसाहार करत नसत. १९९५ मध्ये बर्गरच्या एका जाहिरातीसाठी शॅगीचा आवाज द्यायला सांगितल्यावर त्यांनी भूमिका सोडली, आणि २००२ मध्ये परतले ते शॅगीला शाकाहारी दाखवायच्या अटीवर. फ्रँक वेल्कर १९६९ पासून फ्रेडचा आवाज देत आहेत, आणि २००२ पासून स्कूबीचाही.

जुन्या भागांत विनोदावर प्रेक्षकांचं हसू ऐकू येतं, तेही मागून जोडलेलं. कार्टूनसमोर कुठले आलेत प्रेक्षक! आज ते कानाला खटकतं, खरं सांगायचं तर.

भुतांचं तंत्रज्ञान

मूळ मालिकेतली भुतं स्वतःच छोटे तंत्रज्ञ असायची. दुसऱ्याच भागात समुद्रातून चमकत वर येणारं कॅप्टन कटलरचं भूत आहे. चमक असते पाणबुड्याच्या पोशाखाला चिकटलेल्या समुद्री शेवाळाची, आणि आत असतो बोटी चोरणारा जिवंत कटलर. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरही कधीकधी रात्री लाटा निळ्या चमकतात, त्या नॉक्टिल्युका नावाच्या सूक्ष्म जीवांमुळे. पण हे जीव पाणी हललं की क्षणभरच चमकतात, चालत्या माणसाच्या अंगावर टॉर्चसारखे पेटत राहत नाहीत. तेवढी सूट कार्टूनला देऊ.

दुसऱ्या एका भागात किल्ल्यातलं भूत म्हणजे एक फरार जादूगार निघतो. माझा आवडता भाग मात्र चार्ली रोबोटचा. हा खराखुरा रोबोट, मनोरंजन पार्क चालवायला बनवलेला. बनवणाऱ्याच्याच बहिणीला वाटतं, की मुलांशी यंत्राने नाही, माणसांनी वागावं. म्हणून ती त्याचं प्रोग्रॅमिंग बदलून टाकते. हे १९६९ मध्ये, बरं का!

शास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी आपल्या ‘द डीमन-हॉन्टेड वर्ल्ड’ या पुस्तकात या मालिकेचा कौतुकाने उल्लेख केला, तो याच कारणासाठी : चमत्काराचा दावा होतो, तपास होतो, साधं कारण सापडतं. पुढे हा नियम मोडलाही गेला. १९८५ च्या ‘द १३ घोस्ट्स ऑफ स्कूबी-डू’मध्ये आणि १९९८ च्या ‘झॉम्बी आयलंड’ चित्रपटात भुतं खरी आहेत. ‘झॉम्बी आयलंड’ उत्तम बनलाय, पण माझं मत विचाराल तर मुखवटा निघण्यातली मजा त्यात नाही.

कॉम्प्युटर आल्यावर काय बदललं?

२००२ हे वर्ष महत्त्वाचं. त्या वर्षीच्या सिनेमात माणसं खरी होती आणि स्कूबी कॉम्प्युटरवर बनवलेला. तो त्यांच्यासोबत दिसतो, पण सेटवर त्या जागी कुत्रा नव्हताच. त्याच वर्षीच्या ‘व्हॉट्स न्यू, स्कूबी-डू?’ या मालिकेत रंगकाम डिजिटल झालं. चित्र कॉम्प्युटरमध्ये घेऊन तिथेच रंग भरायचा, थर कितीही चढवले तरी खालचा रंग मंद होत नाही. २०२० चा ‘स्कूब!’ तर पूर्ण थ्री-डी. त्यात भिंत, दार, पुस्तक, कुत्रा सगळं एकाच पद्धतीने बनतं, एकाच प्रकाशात उजळतं. कोणतं दार उघडणार हे आता नुसत्या रंगावरून ओळखता येत नाही.

आपल्याकडे कसं आलं?

१९९१ मध्ये टर्नर कंपनीने हॅना-बार्बेरा विकत घेतली आणि तिच्या जुन्या मालिकांच्या साठ्यावर १९९२ मध्ये अमेरिकेत कार्टून नेटवर्क सुरू केलं. १९९५ मध्ये ते भारतात आलं, दिवसा कार्टून आणि रात्री त्याच चॅनलवर टीएनटीचे जुने इंग्रजी सिनेमे. पुढे हिंदी डबिंगही झालं. अमेरिकेतल्या आई-वडिलांनी १९६९ मध्ये जे पाहिलं, ते इथल्या केबलवाल्या घरांतल्या पोरांनी पंचवीस-तीस वर्षांनी ‘नवीन’ म्हणून पाहिलं.

पुन्हा बघायचं असेल तर १९६९ चा पहिला सीझनच निवडा. पळापळ सुरू झाली की व्हिडिओ थांबवा आणि कॉरिडॉरमधला दिवा किती वेळा येतो ते मोजा. मग एखाद्या बंद खोलीच्या दृश्यात थांबून भिंतीवर नजर फिरवा, आणि शॅगीच्या आधी तुम्हीच ते फिकट पुस्तक शोधून काढा.