जुनाट रुग्णांची घरवापसी

इंग्लंडात गरीब-कायद्याच्या अमदानीत वृद्ध, निराधार रुग्णाची रवानगी वर्कहाउसच्या, म्हणजे सरकारी अनाथगृहवजा आश्रयगृहाच्या, दवाखान्यात होई, आणि तेथून त्याला घरी धाडण्याची तजवीज करणे हे कोणत्याच खात्याचे काम नसल्यामुळे, एकदा दप्तरी ‘जुनाट’ असा शेरा पडला की तो माणूस बहुधा मरेपर्यंत खाटेवरच राही. 1929 च्या कायद्यान्वये हे दवाखाने कौंटी कौन्सिलांकडे वर्ग झाले. पण हुकूम सुटला म्हणून वहिवाट थोडीच सुटते! 1935 साली लंडनच्या पश्चिमेस आयलवर्थ येथील वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाने शेजारचा असाच एक दवाखाना ताब्यात घेतला, तेव्हा तेथील 714 रुग्णांचा भार डॉ. मार्जरी वॉरेन यांच्यावर आला.

बाईंनी प्रथम केले काय, तर एकेकाला नीट तपासले. हे आज क्षुल्लक वाटेल. परंतु अर्धांगाने पडलेल्या, गुडघे आखडून गेलेल्या, शय्याव्रणांनी जर्जर झालेल्या त्या जीवांपैकी कित्येकांचे पंगुत्व मूळ व्याधीपेक्षा सक्तीच्या अंथरुणानेच वाढविले होते, हे तपासणीवाचून उमगणारे नव्हते. मग भिंतींना प्रसन्न रंग लागले, उजेड आला, धरून चालावयास कठडे बसले, आणि ज्यांना उठविण्याचा विचारही कोणी केला नव्हता अशी माणसे पावले टाकू लागली. कालांतराने खाटा सुमारे 240 वर आल्या. उरलेल्या खाटा क्षयरोग्यांच्या कामी आल्या.

तथापि चालू लागलेल्या म्हाताऱ्याला घरचा जिना चढवेल काय, त्याला रांधून कोण घालील, याचा निवाडा रुग्णालयात बसून होत नाही. म्हणून सेंट हेलियर रुग्णालयाचे डॉ. ब्रुक भरतीसाठी खोळंबलेल्यांच्या घरीच जाऊन पाहणी करू लागले. 5 जुलै 1948 रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली खरी, परंतु त्याच दिवशी अमलात आलेल्या दुसऱ्या कायद्याने वृद्धांच्या निवासगृहांचा कारभार स्थानिक संस्थांकडे सोपविला, आणि हा म्हातारा आजारी की केवळ अशक्त, या प्रश्नावर दोन्ही दप्तरे एकमेकांकडे बोट दाखवू लागली.

या ओढाताणीत सर्वांत शहाणी युक्ती, माझ्या मते, डॉ. लायनेल कोसिन यांची. ऑक्सफर्डच्या काउली रोड रुग्णालयात (तेही पूर्वीचे वर्कहाउसच!) त्यांनी 1950 नंतरच्या दशकात दिवसापुरते इस्पितळ चालविले: सकाळी गाडीने यावे, व्यायाम, उपचार व जेवण घ्यावे, सायंकाळी आपल्या अंथरुणावर परत जावे. शिवाय काही रुग्णांना ते ठरावीक मुदतीने आळीपाळीने रुग्णालयात व घरी ठेवीत, म्हणजे सांभाळणाऱ्या लेकीला मधूनमधून उसंत मिळे आणि पुढील पाळीपर्यंत बापाला घरी ठेवून घेण्यास ती राजी होई.