कोंबडीच्या दाण्याचा हिशेब : तराजूपासून ताटापर्यंत

बेंगळुरूहून म्हैसूरकडे जाताना सुमारे पन्नास किलोमीटरवर रामनगर लागते. येथील रेशीम कोषांची बाजारपेठ देशातील सर्वांत मोठ्या बाजारपेठांपैकी एक आहे. मराठवाड्यातील रेशीम उत्पादकही वर्षानुवर्षे रात्रभराचा प्रवास करून आपले कोष येथे विकायला आणत आले आहेत. कोष गरम पाण्यात टाकून धागा उकलला जातो आणि मागे उरतो तो आतला मृत किडा, म्हणजे प्युपा. ताज्या कोषाच्या वजनात सुमारे चार पंचमांश वाटा या प्युपाचाच असतो. धागा काढणाऱ्या कारखान्यांजवळून एकदा गेलेल्या माणसाला त्याचा वास सहसा विसरता येत नाही.

हा प्युपा वाळवून दळला, तर त्यात साधारण निम्मी प्रथिने आणि चतुर्थांशाच्या आसपास मेद आढळतो. सोयापेंडीतील प्रथिनांचे प्रमाणही पंचेचाळीस टक्क्यांच्या घरात असते. मग रेशमाचा हा उरलासुरला भाग कोंबडीला का घालू नये? कीटकांपासून बनवलेल्या ‘शाश्वत’ खाद्याच्या बातम्या आज वारंवार वाचायला मिळतात, त्यांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. माझे क्षेत्र भौतिकशास्त्र असल्यामुळे मला त्यात आणखी एक प्रश्न दिसतो, तो मोजमापाचा. खाद्य ‘चांगले’ ठरवताना आपण नेमके काय मोजतो?

कोंबडीच्या खाद्याचा इतिहास हा बऱ्याच अंशी उरलेल्या अन्नाचा इतिहास आहे. 1890च्या सुमारास बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, क्रिस्तियान आइकमान यांच्या प्रयोगशाळेतील कोंबड्या अचानक लुळ्या पडू लागल्या. त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातील उरलेला, पॉलिश केलेल्या तांदळाचा भात घातला जात होता. पुढे नव्या आचाऱ्याने हा भात देणे थांबवले, कोंडा असलेला तांदूळ सुरू झाला आणि कोंबड्या बऱ्या झाल्या. त्या निरीक्षणाच्या वाटेने जीवनसत्त्वांचा शोध लागला आणि 1929 साली आइकमान यांना नोबेल पारितोषिक मिळाले. उरलेले अन्न पोट भरते, पण त्यात काय आहे आणि काय नाही, हे पोट भरण्यावरून कळत नाही, हा त्यातला पहिला धडा.

दुसरा धडा मिळायला 1960 साल उजाडावे लागले. इंग्लंडमध्ये एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी गूढ रोगाने दगावले. शोध घेता घेता दोष ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत सापडला. तिच्यावर वाढलेल्या बुरशीचे विष म्हणजे आज सर्वपरिचित असलेले अफ्लाटॉक्सिन. आपल्याकडेही तेव्हा पक्ष्यांच्या प्रथिनांचा मोठा आधार भुईमुगाची पेंडच होती. पुढील दशकांत मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रात सोयाबीन पसरले आणि तिची जागा सोयापेंडीने घेतली. पण एकाच पिकावर विसंबण्याची किंमत असते. 2021 साली सोयापेंडीचे भाव इतके भडकले, की जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची 12 लाख टन पेंड आयात करण्याची परवानगी केंद्र सरकारला द्यावी लागली.

या साऱ्या काळात खाद्याची परीक्षा प्रामुख्याने तराजूवरच होत राहिली. किती दाणा घातला आणि किती वजन वाढले, हे गुणोत्तर सोपे आणि उपयुक्त आहे. त्यामुळेच ते फसवेही ठरते. सुमारे 1950च्या सुमारास अमेरिकेत असे दिसून आले, की खाद्यात अल्प प्रमाणात प्रतिजैविक मिसळल्यास पक्षी अधिक वेगाने वाढतात. तराजू खूश झाला आणि ही प्रथा जगभर रूढ झाली. तिचे बिल नंतर आले, प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जीवाणूंच्या रूपाने. युरोपीय संघाने वाढीसाठी प्रतिजैविके देणे 2006च्या आरंभापासून बंद केले. भारताने 2019 साली अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांमध्ये कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली, कारण माणसाच्या दृष्टीने ते अगदी शेवटच्या फळीतील औषध आहे.

वजनवाढीचे सर्व श्रेय खाद्याला देणेही चुकीचे ठरेल. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी 1957 आणि 2005 सालच्या वाणांच्या कोंबड्या एकाच प्रकारच्या खाद्यावर वाढवल्या. 56 दिवसांनी जुन्या वाणाचे सरासरी वजन 905 ग्रॅम भरले, तर नव्याचे 4,202 ग्रॅम. दाणा तोच, पक्षी वेगळा. आणि याच वेगवान वाढीबरोबर छातीचे स्नायू लाकडासारखे कडक होणे, मांसात मेदाच्या पांढऱ्या रेषा उमटणे हे दोषही वाढीला लागले. वजन वाढले, पण मांसाचा दर्जा त्या प्रमाणात वाढला नाही.

दर्जा ही केवळ चवीची बाब नव्हे. त्याचे बरेच घटक मोजता येतात. पक्षी कापल्यानंतर स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचते आणि त्यांचा पीएच सुमारे 7 वरून 6 च्या खाली उतरतो. मांस उष्ण असतानाच ही घसरण फार वेगाने झाली, तर प्रथिनांची घडण बिघडते, मांस फिकट पडते आणि त्यातून पाणी सुटते. रंग, पाणी धरून ठेवण्याची क्षमता, कापायला लागणारे बल आणि साठवणुकीत खवट होण्याचा वेग, या सर्व गोष्टी आकड्यांत मांडता येतात.

प्युपाची खरी कसोटी लागते ती येथे. गाईम्हशींच्या पोटातील सूक्ष्मजीव चाऱ्यातील असंपृक्त मेदाम्लांचे बऱ्याच अंशी संपृक्त मेदाम्लांत रूपांतर करतात. कोंबडीच्या पचनसंस्थेत अशी सोय नाही. दाण्यातील मेदाची ओळख बरीचशी तशीच मांसात उतरते. प्युपाच्या तेलात अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे ओमेगा-3 गटातील एक मेदाम्ल, विपुल असते. ते मांसात उतरणे आहाराच्या दृष्टीने इष्टच. पण त्याच मेदाम्लातील दुहेरी बंध ऑक्सिजनला लवकर बळी पडतात. मांस लवकर खवट होते, आणि प्युपा नीट न वाळवता वापरला असेल तर त्याचा उग्र वासही ताटापर्यंत पोहोचू शकतो. गुण आणि दोष दोन्हींचे मूळ एकाच रेणूत आहे. उपायही आहेत : प्युपा त्वरित वाळवणे, त्यातील तेल काढून घेणे, खाद्यात ई जीवनसत्त्व वाढवणे, कापणीपूर्वी काही काळ खाद्य बदलणे. मात्र प्रत्येक उपायाला खर्च आहे आणि ऊर्जाही लागते. ‘शाश्वत’ या शब्दाच्या हिशेबात तीही धरायला हवी.

प्रथिनांच्या आकड्यातही एक मेख आहे. 1883 साली योहान केल्डाल यांनी नायट्रोजन मोजण्याची पद्धत दिली. त्या नायट्रोजनला 6.25 ने गुणून ‘प्रथिने’ काढण्याची रीत आजही चालू आहे. पण कीटकांच्या कवचातील कायटिनमध्येही नायट्रोजन असतो. त्यामुळे कागदावर दिसणारी सर्वच प्रथिने कोंबडीच्या अंगी लागत नाहीत.

बेंगळुरूतील आडुगोडी भागात 1923 साली पशुसंवर्धन व दुग्धव्यवसायाची संस्था उभी राहिली आणि 1995 साली त्याच भागात राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाविज्ञान संस्था आली. रामनगर तेथून फारसे दूर नाही. युरोपीय संघाने 2021 साली कोंबडीखाद्यात कीटकप्रथिनांना परवानगी दिली. इथेनॉल कारखान्यांतून उरणारा मक्याचा प्रथिनयुक्त चोथा तर आपल्या खाद्यात आलाच आहे. तोही उरलेल्या अन्नाच्या जुन्या परंपरेतलाच.

तेव्हा पुढच्या वेळी ‘नव्या खाद्यामुळे वाढीवर परिणाम नाही’ अशी बातमी वाचाल, तेव्हा तिथेच थांबू नका. पक्ष्यांचा वाण कोणता होता, मेदाचे काय झाले, आठवडाभर साठवल्यावर मांस कसे होते, चव घेऊन कोणी पाहिली का, हे विचारा. आइकमान यांच्या कोंबड्याही पोटभर जेवत होत्या.