हृदयातील झाकलेली खिडकी

पाणबुड्यांचे प्राण शेळ्यांनी वाचविले, असे म्हटले तर वाचकांना ती थट्टा वाटेल. पण इतिहास तसाच आहे. पुढे भारताचे नागरिक झालेले शास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांचे वडील जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी ब्रिटिश आरमारासाठी पोलादी कोठीत शेळ्या कोंडून हवेचा दाब चढविला, उतरविला आणि १९०८ साली पाणबुड्याने टप्प्याटप्प्याने वर कसे यावे, याची कोष्टके प्रसिद्ध केली. कारण दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो व श्वासातला नत्रवायू रक्तात मुरतो. मनुष्य झटकन वर आला, तर सोड्याची बाटली फोडावी तसे रक्तात बुडबुडे उठतात.

१९४३ साली फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्यां यांनी श्वासागणिक हवी तेवढी हवा पुरविणारे, पाठीवर बांधायचे यंत्र सिद्ध केले आणि सागरतळ हौशी माणसालाही मोकळा झाला.

तरीही एक कोडे उरले. कोष्टके काटेकोर पाळूनही काहींचे हातपाय लुळे पडत, भोवळ येई. शिरांतले बारीक बुडबुडे फुप्फुसांच्या चाळणीत अडकतात. मग ते मेंदूपर्यंत पोचले कसे?

उत्तर आपल्या जन्मापूर्वीच्या वृत्तांतात होते. मातेच्या उदरात फुप्फुसे श्वास घेत नाहीत, म्हणून हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये निसर्गाने एक खिडकी ठेवलेली असते. जन्मानंतर ती मिटते. पण सुमारे चौघांतल्या एकाची नुसतीच झाकली जाते, सांधली जात नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या डॉक्टरांनी बुडबुड्यांचा त्रास होऊन गेलेल्या ३० पाणबुड्यांच्या शिरेत सूक्ष्म बुडबुडे असलेले मिठाचे पाणी टोचले व ध्वनिलहरींनी हृदय पाहिले. १९८९ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला : ११ जणांची खिडकी उघडी होती, आणि ते अकराही गंभीर त्रास झालेल्या १८ जणांपैकीच होते!

मग अशा माणसाने समुद्राकडे पाठ फिरवावी काय? तसे नव्हे. बहुतेकांना जन्मभर काही होत नाही. बुडी उथळ व थोडक्या वेळाची ठेवून धोका घटविता येतो. काहींची खिडकी डॉक्टर बंदही करतात. मात्र अरुंद झालेल्या रक्तवाहिन्या किंवा दुबळे हृदय यांची गोष्ट निराळी. पाण्यात शिरताच हातापायांतले रक्त छातीकडे लोटते व हृदयावरचा भार वाढतो. थंडी आणि श्रम त्यात भर घालतात.

आज मालवण-तारकर्लीलाही हौशी लोक बुडी मारतात. त्याआधी प्रकृतीविषयी कोणी विचारले, तर घाईने ‘काही नाही’ म्हणू नये. हृदयाचा विकार असेल, तर घरून निघण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. समुद्र पुढच्या दिवाळीतही तेथेच असेल.