नदीचा काठ आणि तरंगती मोटार

परभणी जिल्ह्यातून गोदावरी, पूर्णा आणि दुधना वाहतात. या नद्या ओलांडण्याचा इतिहास आपण बहुधा पुलांपासून सांगू लागतो. पण पुलांच्या आधी नदीकाठच्या माणसाला ‘उतार’ ठाऊक असे. कुठे पाणी गुडघ्याएवढे, कुठे तळाला रेव, कुठे गाळ, बैलगाडी कुठून पाण्यात घालायची आणि कुठून वर काढायची, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले होते. पाणी चढले की गाडीवानाचे काम थांबे आणि नावाड्याचे सुरू होई. या दोघांचे काम एकाच यंत्राकडून करून घ्यायचे, हा उभयचर मोटारीचा मूळ प्रश्न आहे. गेल्या शतकात तो अनेकांनी हाती घेतला आणि त्यातले बरेचजण नदीच्या मध्यापेक्षा काठावरच अडले.

तरंगणे तसे अवघड नाही. एक टन वजनाच्या मोटारीने एक घनमीटर पाणी बाजूला सारले की ती तरंगते. उसाचा रस आटवायची लोखंडी काहील कृष्णा-वारणेच्या पुरात माणसे घेऊन तरते, ती याच नियमाने. खरी अडचण पुढे येते. होडीचे बूड गुळगुळीत हवे; मोटारीखाली चाके आणि आस लोंबत असतात, ती पाणी अडवतात. होडी हलकी हवी. मोटारीला खड्ड्यांसाठी दणकट सांगाडा लागतो.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने यावर दोन उत्तरे शोधली. पहिले ‘फोर्ड जीपीए’, म्हणजे जीपभोवती बांधलेली होडी. ती मूळ जीपपेक्षा बरीच जड झाली, पाण्यात खोल बसू लागली. समुद्राच्या लाटा आत येत आणि चिखलाच्या काठावर ती रुतून बसे. १९४३ मध्येच तिचे उत्पादन थांबले. पण तीच गाडी सोव्हिएत फौजांना संथ नद्यांवर इतकी उपयोगी वाटली, की त्यांनी पुढे तशीच स्वतःची गाडी बनवली. एकाच आराखड्याचे मोल पाणी बदलताच बदलले.

दुसरे उत्तर ‘डक’. अडीच टनी ट्रकला शिडाच्या नौका आखणाऱ्या कंपनीने होडीचा आकार दिला. तिचे खरे वैशिष्ट्य मात्र चाकांत होते: चालक जागेवर बसूनच टायरमधली हवा कमी-जास्त करू शके. हवा कमी केली की टायर पसरे आणि मऊ वाळूत भार वाटला जाई. काठाचा प्रश्न ओळखून केलेली ही योजना होती. अशा एकवीस हजारांवर गाड्या तयार झाल्या.

जीपीएचा आपल्या देशाशी एक धागा आहे. भारतीय सैन्यात काम केलेला ऑस्ट्रेलियन अभियंता बेन कार्लिन याने युद्धानंतर बंगालमधल्या कलाईकुंडा विमानतळावर अशी गाडी पाहिली आणि हिच्यातून जगप्रदक्षिणा करता येईल, असे त्याच्या मनाने घेतले. १९५० मध्ये त्याने तिच्यातून अटलांटिक ओलांडला आणि १९५८ मध्ये फेरी पुरी केली. गाडीचे नाव ‘हाफ-सेफ’, म्हणजे अर्धसुरक्षित. नाव प्रामाणिक होते.

सामान्य ग्राहकासाठी जर्मनीत हान्स ट्रिपेल याने ‘अँफिकार’ आखली. १९६१ पासून तिचे उत्पादन झाले. पाण्यात पुढची चाकेच सुकाणूचे काम करत. वेग रस्त्यावर ताशी सुमारे ११० किलोमीटर, पाण्यात जेमतेम ११. चार हजारांपेक्षा कमीच गाड्या झाल्या. २००४ मध्ये चाके पोटात ओढून घेणाऱ्या ‘अ‍ॅक्वाडा’ने इंग्लिश खाडी पावणेदोन तासांच्या आत ओलांडली, ते मात्र हौसेचे, महागडे वाहन ठरले.

तरंगण्याचाही अहंकार धरू नये. १९ जुलै २०१८ रोजी अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात पर्यटकांची एक ‘डक’ वादळात बुडाली; ३१ पैकी १७ माणसे गेली. आत पाणी शिरल्यावरही तरंगत राहील अशी राखीव पोकळी हवी आणि वरचे छत काढावे, असा इशारा १९९९ च्या तशाच अपघातानंतर तिथल्या तपास मंडळाने दिला होता. छत असले की माणूस बाहेर पडण्याऐवजी छताला चिकटून अडकतो.

महाराष्ट्रात या विद्येची दोन ठिकाणे आहेत, दोन्ही संरक्षण खात्याची. अहिल्यानगरच्या वाहन संशोधन संस्थेने टाटांबरोबर आठ चाकांचे चिलखती उभयचर वाहन घडवले. ते २०१४ च्या संरक्षण प्रदर्शनात मांडले गेले. पुण्याजवळ दिघीच्या संस्थेने स्वतःच नदीत उतरून पूल किंवा तराफा बनणारी वाहने विकसित केली. ही लष्करासाठीची यंत्रे. तहसील कार्यालयाच्या आवारात उभी करायची नव्हेत.

पुरातल्या गावाला उपयोगी असा नमुना वेगळाच आहे. २०२३ मध्ये भारतीय सैन्याने ‘एटर’ नावाच्या ९६ गाड्या मागवल्या. त्यांचे टायर प्रचंड मोठे, कमी हवेचे. तेच फिरून गाडीला पाण्यात ढकलतात. वेग फार थोडा, पण काठावर अडणे कमी. आमच्या काळ्या मातीत हाच गुण मोठा. पाऊस लागला की या मातीत बैलगाडीही आसापर्यंत रुतते. परभणीसाठी व्यवहार्य उभयचर गाडी आखायची तर वेग सोडून द्यावा. मऊ रुंद टायर, राखीव पोकळी, उघडे छत आणि तालुक्याच्या गॅरेजात दुरुस्त होईल असे इंजिन, एवढे मागावे.

पण किंमतही पाहावी. त्या ९६ गाड्यांचा करार सुमारे २५० कोटींचा, म्हणजे एक गाडी अडीच कोटींच्या पुढे. प्रत्येक तालुक्याला ती मिळणार नाही. जिल्ह्याला एक मिळाली तरी तिचे काम पुराच्या चार-सहा दिवसांचे. जायकवाडीच्या फुगवट्यात थर्माकोलच्या ताटांवर बसून शाळेत जाणाऱ्या मुलांची बातमी २०२३ मध्येच आली होती आणि उच्च न्यायालयाने तिची दखल घेतली होती. त्या मुलांना नदी वर्षभर ओलांडायची असते. त्यांच्यासाठी पूलच हवा.