क्यू-शिराताकीचें स्थानक

दंतकथा नेहमींच इतिहासाहून गोड असते. परंतु ती पुष्कळदां अन्यायहि करते, ही गोष्ट आपल्या लक्षांत येत नाहीं. जपानच्या उत्तरेस होक्काइदो बेटावर असलेल्या क्यू-शिराताकी या चिमुकल्या रेल्वे स्थानकाची कथा याच जातीची आहे.

शिराताकी म्हणजे शुभ्र धबधबा. पुढें ऐकिदो या युद्धविद्येचे जनक म्हणून विख्यात झालेले मोरिहेई उएशिबा १९१२ सालीं वाकायामा प्रांतांतील कांहीं कुटुंबांसह या थंड, अरण्यमय खोऱ्यांत वसाहतीसाठीं आले. १९३२ सालीं कामिकावा व एंगारू या गांवांमधील लोहमार्ग पुरा झाला. त्यावर कामि-शिराताकी म्हणजे वरचें, शिमो-शिराताकी म्हणजे खालचें आणि क्यू-शिराताकी म्हणजे जुनें, अशीं स्थानकें होतीं. यांपैकीं शेवटच्या ठिकाणीं १९४७ पासून गाडी थांबूं लागली. १९८७ सालीं सरकारी रेल्वेचे तुकडे होऊन सहा प्रवासी कंपन्या झाल्या, तेव्हां होक्काइदोच्या कंपनीच्या वांट्यास हा विरळ वस्तीचा मुलूख आला. क्यू-शिराताकीस ना स्टेशनमास्तर, ना तिकीटघर. प्रवाशांसाठीं एक लांकडी खोपटें तेवढें होतें, आणि भाडें गाडीचा चालकच घेई.

२०१६ च्या जानेवारींत एक वार्ता जगभर पसरली : कामि-शिराताकी येथें दिवसांतून दोनच गाड्या थांबतात, त्याहि एका विद्यार्थिनीसाठीं, तिची शाळा संपेपर्यंत कंपनीनें तें स्थानक राखिलें आहे! लाखों वाचकांचीं हृदयें द्रवलीं.

वस्तुस्थिति निराळी होती. ती मुलगी क्यू-शिराताकी येथून एंगारूच्या शाळेस जाई. तेथून सकाळीं एक गाडी होती, तर परतीच्या तीन होत्या. त्याच गाडींत इतर विद्यार्थीहि बसत. दिवसांतून येणारी एक व जाणारी एक गाडी असलेलें स्थानक कामि-शिराताकी; वार्ताहरांनीं दोन्हींची सरमिसळ केली. बंद होण्याची वेळ मार्चांत आली, कारण जपानांत रेल्वेचें वेळापत्रक दरवर्षीं त्याच सुमारास बदलतें, आणि शाळेचें वर्षहि मार्चांतच संपतें.

मग बिघडलें काय, असें कोणी विचारील. बिघडलें तें हें : खोऱ्यांतील मुलांना शाळेस नेणें हें रेल्वेचें नित्याचें काम होतें. कर भरणाऱ्या आणि तिकीट काढणाऱ्या रहिवाशांचा तो हक्क होता. दंतकथेनें त्या हक्काची कृपा करून टाकिली. जगानें कंपनीच्या दयाळूपणाची वाखाणणी केली. परंतु गांवें ओस कां पडत आहेत, हा प्रश्न त्या टाळ्यांच्या गजरांत कोणीं विचारिला नाहीं.

२६ मार्च २०१६ रोजीं तिन्हीं स्थानकें प्रवाशांस बंद झालीं. आतां कामिकावाहून निघालेली गाडी ३७.३ किलोमीटर धांवून शिराताकीसच थांबते. मध्यें चढण्या-उतरण्यास एकहि ठिकाण नाहीं. कृपेचें कौतुक करणाऱ्या वाचकानें हा आंकडाहि ध्यानांत ठेवावा.