गिरणेचा पाट आणि व्हॅलेन्सियाचा गुरुवार

देवळ्याच्या माणसाला पाट म्हणजे काय, पाळी म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. बांधावरचे निम्मे तंटे त्यातूनच निघतात! पण सातासमुद्रांपलीकडे, स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरालगतच्या मळेवाल्यालाही ते सांगावे लागत नाही. या दोन ठिकाणांच्या रोजच्या जगण्यात साम्य कोठे आहे आणि अंतर कोठे पडले, हे वाचकहो, जरा पाहू या.

आधी आपल्याकडचे बघा. देवळ्याहून सटाण्याच्या वाटेला लागलात की लोहोणेरला गिरणा आडवी येते. तिच्या खोऱ्यात, मोसम व आरम या उपनद्यांवर, तसेच शेजारच्या पांझरेवर शेतकऱ्यांनी तीनएकशे वर्षांमागे दगडी बंधारे घालून पाट काढले. हीच फड पद्धत. पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड पाडायचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि पिकांची फेरपालट करायची. नदीला पाणी कमी, तर भिजवायचे फडही कमी. म्हणजे टंचाई आली तर ती सर्वांच्याच वाट्याला! पाणी पाजायला पाटकरी, राखणीला जागल्या. त्यांचा मेहनताना खळ्यावरच्या धान्यात. पीक बुडाले की त्यांचेही बुडाले. मग ते डोळ्यांत तेल घालून काम करणार नाहीत तर काय?

आता व्हॅलेन्सिया. तेथे तुरिया नदीचे पाणी आठ पाटांनी मळ्यांत फिरते. ही व्यवस्था अरबांच्या अमदानीतली. १२३८ साली पहिल्या जेम्स राजाने शहर जिंकले, पण पाण्याचे जुने रिवाज मोडले नाहीत. दर गुरुवारी दुपारी बाराच्या ठोक्याला मोठ्या चर्चच्या दारात शेतकऱ्यांनी निवडलेले पंच काळे डगले घालून बसतात. वकील नाही, लेखी कागद नाही. अध्यक्ष पायाने खूण करील त्याने बोलायचे. निकाल तिथल्या तिथे, आणि त्यावर अपील नाही. तक्रार नसली तरी बैठक भरते व लगेच उठते. शहराने पुष्कळ मळे गिळले, तरी हा रिवाज टिकला. २००९ साली युनेस्कोनेही त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशात स्थान दिले.

आणि आपल्याकडे? १८७९ च्या मुंबई पाटबंधारे कायद्याने कालव्याच्या पाण्यावर सरकारचा अंमल बसला. पुढे विहिरी वाढल्या, विजेच्या मोटारी आल्या. त्याने भले झाले हे नाकारता येणार नाही. पाटाचे पाणी पोचत नसे तेथेही कांदा उभा राहिला. पण पाणी ‘आपले’ होते ते ‘माझे’ झाले. ज्याची विहीर खोल, त्याचे पाणी. पुष्कळ फड मोडले, आणि त्यांबरोबर शेजाऱ्याला विचारून पाणी घेण्याची सवयही गेली.

ती सवय पुन्हा लागू शकते. याच नाशिक जिल्ह्यात दिंडोरीकडे वाघाड धरणाचे पाणी शेतकऱ्यांच्या संस्था स्वतः वाटून घेतात. २००५ साली राज्याने अशा संस्थांसाठी कायदाही केला. पण विहिरीला अजून पंच नाही. जमिनीखालचे पाणी काही बांध पाहून थांबत नाही, तेही सामाईकच. तेव्हा महिन्यातला एखादा वार ठरवून पारावर बसायला काय हरकत आहे? बंधारे बांधणाऱ्या आपल्याच पूर्वजांना ते जमले होते.